वर्धा ते बुटीबोरी: पुलावरून आणि पुलाखालून

ज्या सेवेचे पैसे आपण मोजतो तिच्याविषयी चार बऱ्यावाईट गोष्टी लिहायला हरकत नसावी, म्हणून आज एका रस्त्याचे परीक्षण लिहीत आहे. रस्ता वर्धा ते बुटीबोरी. कागदोपत्री तो राष्ट्रीय महामार्ग 361 चा शेवटचा टप्पा आहे. तुळजापूरहून निघून लातूर, नांदेड, यवतमाळ आणि वर्धा असा येणारा हा मार्ग नागपूरजवळच्या बुटीबोरीला महामार्ग 44 ला मिळतो आणि तिथेच संपतो. चौपदरीकरणात या टप्प्याची लांबी सुमारे 59 किमी भरली. नागपूरकर त्याला वर्धा रोड म्हणतात, वर्धेकर नागपूर रोड म्हणतात आणि सेलू तालुक्यातले आम्ही, जे या दोन्ही नावांच्या मधोमध राहतो, नुसते ‘रोड’ म्हणून मोकळे होतो.

मी हा रस्ता 36 वर्षांपासून वापरतो आहे. आधी वर्ध्याच्या कॉलेजात जाणारा एसटीचा पासधारक म्हणून, मग 12 वर्षे बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा मोटरसायकलवाला म्हणून, आणि आता घर एका बाजूला व वावर दुसऱ्या बाजूला असलेला कास्तकार म्हणून. म्हणजे या रस्त्यावरून मी उभाही जातो आणि आडवाही जातो. हा भेद सुरुवातीलाच सांगणे भाग आहे, कारण उभ्याने जाणाऱ्याला हा रस्ता जसा दिसतो तसा तो आडवा ओलांडणाऱ्याला दिसत नाही.

उभ्याने जाणाऱ्याचे आधी सांगतो. त्याच्यासाठी पाचपैकी साडेचार. 2006 साली वडिलांना छातीत दुखू लागले म्हणून रात्री जीपने नागपूरला नेले होते. एका नादुरुस्त ट्रकने अर्धा रस्ता अडवलेला, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर, आणि खड्डा चुकवावा तर जीप कडेच्या मुरमात उतरणार, अशा अवस्थेत आम्हाला पोहोचायला पावणेतीन तास लागले. वडील त्या खेपेला वाचले, पण त्या पावणेतीन तासांचा हिशेब मी अजून विसरलेलो नाही. आज तोच पल्ला सव्वा तासात होतो. मध्ये दुभाजक आहे, समोरचा दिवा डोळ्यांत येत नाही, पुढच्या गाडीला मागे टाकताना देवाचे नाव घ्यावे लागत नाही. ज्याने जुना रस्ता रात्री पाहिला आहे त्याने या सुधारणेला नाक मुरडू नये.

जुना रस्ता वाईट होता याचे सगळे खापर माणसांवर फोडणेही बरोबर नाही. आमच्याकडची जमीन काळी, कापसाची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, इतकी की मे महिन्यात वावरातल्या भेगेत हात मनगटापर्यंत जातो. पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, ती मानवते, रस्त्याला मानवत नाही. वर कितीही चांगले डांबर घातले तरी खालची माती दरवर्षी हलते, मग कडा तुटतात, कडेने पाणी आत शिरते आणि रस्ता दोन्ही बाजूंनी कुरतडला जातो. दुपदरी रस्त्याचे प्रमाण माप 7 मीटरचे आहे. आमचा रस्ता दुपदरी म्हणवून घ्यायचा, पण दर पावसाळ्यानंतर त्याच्या दोन्ही कडांचा हातभर भाग मातीच्या हवाली झालेला असायचा. समोरून ट्रक आला की एसटीचे डावे चाक मुरमावर उतरायचे आणि खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा खांदा शेजारच्याच्या खांद्यावर आदळायचा. एका हिवाळ्यात मी शेजारच्या बाईंच्या मांडीवरची दह्याची बरणी अशी तीनदा सावरली होती.

या रस्त्याची मूळ कामगिरी काय होती, हे स्टेशनांच्या नावांवरून नीट कळते. नागपूरला रेल्वे पोहोचली 1867 साली, वर्ध्यावरून. रूळ सेलू गावातून गेले नाहीत; काही अंतरावरून गेले आणि तिथल्या स्टेशनाला नाव मिळाले सेलू रोड. त्या काळच्या रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ असे शेपूट लागलेल्या स्टेशनाचा अर्थ, गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथे आहे, एवढाच. उलट शेजारच्या सिंदीला लोक आजही सिंदी रेल्वे म्हणतात. स्टेशनाच्या नावात रस्ता आणि गावाच्या नावात रेल्वे, हा आमच्या तालुक्याचा जुना विनोद आहे. पण त्यातून खरी गोष्ट दिसते ती ही की नागपूर-वर्धा हा मोठा प्रवास रुळांवरून होत असे आणि रस्ता त्या रुळांच्या चाकरीत होता. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, वावरातून पांदणीने रस्त्याला लागायच्या आणि रस्त्याने स्टेशनाकडे किंवा सरकी काढणाऱ्या जिनाकडे वळायच्या. घरच्या बायकामुलांना पाहुणपणाला न्यायला दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, असायची. 1936 साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले तेव्हा देशभरातून त्यांच्याकडे येणारी माणसेही बहुतेक वर्धा स्टेशनावरच उतरत.

रस्त्यांना जातपात लावण्याचे काम झाले तेही आमच्याच शेजारी. डिसेंबर 1943 मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि तिने देशातल्या रस्त्यांची उतरंड ठरवली: वर राष्ट्रीय महामार्ग, खाली प्रांतांचे म्हणजे पुढे राज्यांचे महामार्ग, त्याखाली जिल्हा मार्ग आणि तळाशी गावरस्ते. पुढची 20 वर्षे डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या त्या आराखड्यात दर 100 चौरस किमीमागे 16 किमी रस्ता असावा असे उद्दिष्ट होते. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत तो ‘नागपूर प्लॅन’ म्हणून आजही शिकवतात. त्या उतरंडीत आमचा रस्ता दीर्घकाळ दुसऱ्या पायरीवर राहिला. मधल्या काळात त्याचे मालक मात्र बदलत गेले: मध्य प्रांत व वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, 1956 पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि 1960 पासून महाराष्ट्र. अभियंते त्याला नागपूर-बोरी-तुळजापूर रस्ता म्हणू लागले. या नावातली बोरी म्हणजे बुटीबोरी. आमच्यापैकी अनेकांनी तुळजापूर आयुष्यात पाहिलेले नसले तरी दारातला रस्ता तिकडे जातो याचा जरा अभिमान वाटे.

ही पायरी सामान्य माणसाला दिसायची ती दगडावरून. राज्य महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाची टोपी हिरवी असते, राष्ट्रीय महामार्गाची पिवळी. आमच्या फाट्यावर हिरव्या टोपीचा दगड होता, त्यावर ‘वर्धा’ लिहिलेले आणि खालचा आकडा कुणीतरी खर्ऱ्याच्या पिंकेने लाल केलेला. 2010 साली देशभरातल्या महामार्गांचे आकडे नव्याने लावायचे ठरले, नागपूरवरून जाणारा जुना 7 नंबर 44 झाला, 6 नंबर 53 झाला, आणि त्याच नव्या पद्धतीत आमच्या रस्त्याला 361 हा आकडा मिळाला. तीन आकडी नंबरातले शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे असतात. म्हणजे आम्ही 61 नंबरची शाखा. राष्ट्रीय झालो, पण फांदी म्हणूनच. टोपी पिवळी झाली. जुन्या दगडाचे काय झाले ते पुढे सांगतो.

रस्त्याची चाकरी बदलली ती त्याआधीच, बुटीबोरीत कारखाने उभे राहिले तेव्हा. तोवर आमच्या गावातून नागपूरकडे जाणे म्हणजे दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता किंवा मोठ्या बाजारात माल विकणे. सेलू आणि पवनारच्या भागात एकेकाळी केळीच्या बागा होत्या आणि केळीचे घड भरलेले ट्रक हे या रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य होते. कारखाने आल्यावर माणसे रोज जाऊ लागली, डबा घेऊन, पाळीप्रमाणे. सकाळी साडेपाचला फाट्यावर उभी असलेली 20 ते 25 माणसे, त्यांतली निम्मी अर्धवट झोपेत, हे दृश्य मी 12 वर्षे आतून पाहिले आहे. मग नागपूरच दक्षिणेकडे सरकू लागले. विमानतळालगत मिहान हा उद्योगांचा प्रकल्प झाला, त्याच आवारात एम्स आले, 2019 साली खापरीपर्यंत मेट्रो धावली. आज आमच्या तालुक्यात रस्त्याच्या कडेला तुरीच्या वावरात प्लॉट विक्रीचे फलक उभे आहेत आणि त्यांवर वर्ध्याचे अंतर लिहिलेले नसते, मिहानचे लिहिलेले असते. गाव जिथे होते तिथेच आहे, पण ते कशाच्या शेजारी आहे याचे उत्तर बदलले.

आता आडवे जाणाऱ्याचे. त्याच्यासाठी पाचपैकी दीड, आणि तो दीडही मी जरा मन मोठे करून देतो आहे.

माझे घर आणि माझे वावर यांच्यामध्ये पूर्वी हा रस्ता होता, आता दुभाजक आहे. पूर्वी बंडी घेऊन निघालो की रस्त्याशी क्षणभर थांबायचे, दोन्हीकडे पाहायचे, बैलांच्या पाठीवर थाप मारायची आणि पलीकडे. आता सर्वांत जवळचा अंडरपास 1,400 मीटरवर आहे. तिथवर सर्व्हिस रोडने जायचे, खालून पलीकडे निघायचे आणि तेवढेच परत यायचे. ट्रॅक्टरवाल्याला हा डिझेलचा प्रश्न आहे, बैलवाल्याला वेळेचा आणि डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बाईला मानेचा. म्हणून लोक काय करतात, तर उलट्या बाजूने जातात. मीही गेलो आहे. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात युरियाची बॅग मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून, दिवस बुडताना, उलट्या बाजूने दुभाजकातल्या ‘कटा’पर्यंत निघालो होतो. समोरून ट्रक आला, त्याने दिव्याचा झोत टाकला आणि मी कडेच्या गिट्टीत आडवा झालो. गुडघ्याला 6 टाके पडले. ट्रकवाल्याची चूक नव्हती, हे मी तिथेच कबूल केले. पण सरळ रस्ता 3 किमीचा आणि चुकीचा रस्ता 200 मीटरचा असेल तर रोज योग्य तेच करायला माणसाकडून संतपणाची अपेक्षा करावी लागते.

अंडरपासात पावसाळ्यात पाणी साचते, गुडघाभर. त्याविषयी मी संबंधित कार्यालयात दोनदा लेखी अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून विचारले, “कोणत्या चेनेजला?” चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर. मी सांगितले की मोठ्या चिंचेच्या अलीकडे. त्यांनी पुन्हा चेनेज विचारला. चिंच चौपदरीकरणात तोडली गेली आहे हे मला त्यांच्यासमोर बसल्यावर आठवले. घरी येऊन दगडावरचा आकडा लिहून घेतला, दुसऱ्या अर्जात तो घातला. त्या अर्जाचा आवक क्रमांक माझ्याजवळ आहे, पाणीही आहे.

एसटीचे प्रवासी हे या दोन्ही गटांच्या मधले. त्यांचा प्रश्न या रस्त्याने निर्माण केलेल्या एका नव्या वाक्यात सामावलेला आहे. पूर्वी कंडक्टरला विचारायचे, “गाडी अमक्या फाट्यावर थांबते का?” आता विचारतात, “पुलाखालून जाते का वरून?” गावापाशी उड्डाणपूल आहे, त्याखाली सर्व्हिस रोड, थांब्याची शेड आणि पानठेला आहे. साधी गाडी खालून जाते. जलद गाडी वरून जाते आणि फारच विनवणी केली तर पूल उतरल्यावर जिथे कठडा संपतो तिथे उतरवते. तिथून गाव मागे अर्धा किलोमीटर, बाजूने 100 च्या वेगाने गाड्या, आणि हातात पिशव्या. माझी आत्या, वय 71, अशी एकदा उतरली आणि कठड्याला धरून उभी राहिली, पुढे जाईना की मागे जाईना. मी घ्यायला गेलो तेव्हा म्हणाली, “बापू, मले वाटलं गाव हरपलं.”

टोलविषयी थोडक्यात. दुचाकी, ट्रॅक्टर आणि बंडी यांना टोल नाही. नाक्यापासून 20 किमीच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला मासिक पास मिळतो, आणि 15 ऑगस्ट 2025 पासून, सुरुवातीला 3,000 रुपयांत, वर्षभरासाठी किंवा 200 फेऱ्यांसाठी, जे आधी संपेल तोवर चालणारा पासही सुरू झाला आहे. रोज नागपूरला जाणाऱ्या कारवाल्याला हा सौदा परवडतो. मी महिन्यातून दोनदा जातो, त्यामुळे पूर्ण पैसे भरतो आणि ते भरताना मला वडिलांचे ते पावणेतीन तास आठवतात, म्हणून कुरकुर करत नाही.

थांबायचे कुठे, हा प्रश्न प्रवासी नेहमी विचारतात. केळझरला टेकडीवर सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रा आणि बकासुर इथलाच, असे गावकरी सांगतात. पवनारला मात्र वेळ ठेवूनच जावे. धाम नदीच्या काठी विनोबा 1938 साली येऊन राहिले; आश्रमाच्या जागेत खोदताना जुनी शिल्पे निघाली, त्यांतले राम-भरत भेटीचे शिल्प तिथे बघायला मिळते. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत डॉ. वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. 15 नोव्हेंबर 1982 रोजी विनोबा इथेच गेले. 1948 साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग इथे धाममध्ये विसर्जित झाला आणि 12 फेब्रुवारीला त्यानिमित्त मेळा भरतो. जुन्या रस्त्यावरून जाताना नदी आली की गाडी आपोआप हळू व्हायची आणि एसटीतली म्हातारी माणसे आश्रमाच्या दिशेने हात जोडायची. आता हात जोडेपर्यंत पवनार मागे गेलेले असते.

खाण्यासाठी मी एकच ठिकाण सुचवतो, आणि तेही नाव न सांगता, कारण त्याला नाव नाही. चौपदरीकरणात वळण सरळ केल्यामुळे जुन्या रस्त्याचा दीडेकशे पावलांचा एक तुकडा बाजूला पडला आहे. त्यावर कडुनिंबाची 3 झाडे शिल्लक आहेत आणि त्यांच्याखाली एक टपरीवजा हॉटेल. सकाळी 7 ते 9 या वेळात गेलात तर तर्री-पोहे उत्तम मिळतात: पोहे मऊ, चण्याची तर्री झणझणीत पण घशाशी न लागणारी, वर सांबार मोकळ्या हाताने भुरभुरलेला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी. साडेनऊनंतर पोहे कोरडे पडतात आणि मालक ते प्रामाणिकपणे सांगतो. आलुबोंडा साधारण. चहा जास्त उकळलेला, जास्त गोड, जसा असायला हवा तसा. हात धुवायला बाहेर जो दगड ठेवला आहे त्याच्याकडे नीट पाहिले तर एका बाजूला हिरव्या रंगाचे पोपडे दिसतात. तोच तो आमच्या फाट्यावरचा. मालकाने तो रुंदीकरणाच्या वेळी बंडीत घालून आणला. धंद्याचे विचारले तर म्हणाला, “गाडी आता लय दिसते जी, थांबत मात्र नाही.” त्याची गिऱ्हाइके आता गावातलीच आहेत, आणि दुपारी सावलीला येऊन झोपणारे ट्रक ड्रायव्हर.

अलीकडे रस्त्याच्या चाकरीत आणखी एक बदल होतो आहे आणि तो मला सर्वांत लक्षणीय वाटतो. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून 2025 मध्ये शेवटच्या टप्प्यासह मुंबईच्या वेशीपर्यंत 701 किमीचा समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला. तो आमच्याच तालुक्यातून जातो आणि सेलडोहजवळ त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला तिथे प्रवेश नाही. तो गावांना जोडत नाही, गावांवरून जातो. त्यामुळे मुंबईकडे निघालेली वर्ध्याची गाडी आमचा रस्ता काही किलोमीटर वापरते आणि समृद्धीवर निघून जाते. पवनारहून महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आराखड्यात सुमारे 802 किमीचा, शक्तिपीठ महामार्ग सरकारने आखला आहे, त्यालाही पोहोचायचे तर आमच्याच रस्त्याने. एकेकाळी बंड्या सेलू रोड स्टेशनाकडे जायच्या तशाच आता कारा या मोठ्या मार्गांकडे जातील. आमचा रस्ता दीडशे वर्षांत हिरव्या टोपीचा झाला, पिवळ्या टोपीचा झाला, चौपदरी झाला, आणि पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी दारापर्यंत पोहोचवणारा झाला.

तेव्हा शिफारस करायची ती अशी. कारने येत असाल तर निःशंक या, पवनारला थांबा, पोहे साडेनऊच्या आत खा. मोटरसायकलने येत असाल तर गावांजवळ वेग कमी करा, कारण उलट्या बाजूने येणारा माणूस मीही असू शकतो. आणि एसटीने येत असाल तर तिकीट काढण्याआधी कंडक्टरला विचारा. मागच्या आठवड्यात मी विचारले. तो म्हणाला, “आज खालून जातो काका, डिझेलचा टँकर वर उलटला आहे.” गाडीतल्या 9 जणांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पिशव्या आवरायला घेतल्या.